एरंडोलचा ससाणा

एरंडोलला जाऊन आलो असे सांगितले की आमच्या स्टाफरूममधला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथे पाहण्यासारखे काय आहे हो?" महाबळेश्वरहून आलेल्या माणसाला असा प्रश्न कोणी करीत नाही. काश्मीरहून आलेल्याला तर नाहीच नाही. पण खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी माणूस आपखुशीने जातो, ह्यावर मुंबईकरांचा विश्वास बसत नाही. मी आपला वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आलो, "तिथे माझी बहीण आहे." ह्या उत्तरापुढे चौकशी सरकत नसे. गेल्या भाऊबीजेपासून मात्र मी उत्तर बदलले आहे. आता मी म्हणतो, "तिथे मी एक विमान पाहिले."

मंडळी हातातले कप खाली ठेवतात. एरंडोलला विमान? खोटे नाही सांगत. फक्त ते अख्खे नव्हते. अक्काच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसल्या बसल्या, माझ्या भाच्याने ते खिशातून काढून माझ्या तळहातावर ठेवले. हरभऱ्याएवढे डोके आणि त्याखाली इवलीशी दांडी. वजन जवळजवळ नाहीच. तो एक रिवेट होता, शिकताना वाया गेलेला.

पण विमानाकडे जाण्यापूर्वी गावाकडे गेले पाहिजे.

रात्रीच्या गाडीने मुंबई सोडली की पहाटे जळगाव येते. स्टँडवरून धुळ्याकडे जाणारी एस. टी. पकडायची. गावाबाहेर पडल्यावर गिरणेचा पूल लागतो, मग बांभोरीला बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणारे विद्यापीठ दिसते. ज्या बाईंना अक्षरओळख नव्हती त्यांच्या नावाने पदव्या वाटल्या जातात, हे पाहून आम्हां मराठीच्या मास्तरांची मान थोडी ताठ होते आणि थोडी खालीही जाते. पाळधी मागे पडली की दोन्ही अंगांना कापूस. केळीचा मुलूख तिकडे तापीच्या अंगाला. इकडे कापूस, ज्वारी, तूर. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटलेली असतात आणि वेचणीला निघालेल्या बायांच्या ओळी शेतातून सरकताना दिसतात.

हा रस्ता साधासुधा नव्हे. सुरतेकडून निघून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, अकोला, अमरावती करीत तो नागपूरला जातो आणि तिथून पुढे थेट कलकत्त्याच्या वाटेला लागतो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. आता ५३ म्हणतात. अक्का लग्न होऊन आली तेव्हा ह्या रस्त्यावर बैलगाड्या ट्रकना अडवीत. आता रस्ता रुंद झाला आहे आणि अडवणूक करण्याची पाळी ट्रकांची आहे. नागपूर इथून साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास. हे नागपूर पुढे आपल्या गोष्टीत येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

गाव अंजनी नदीच्या काठी. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असे गावकरी सांगतात. लाक्षागृहातून निसटलेले पांडव ब्राह्मणवेषाने इथे राहिले, आणि रोज एक माणूस व गाडाभर अन्न मागणाऱ्या बकासुराकडे कुंतीने आपल्या भीमाला धाडले, ती कथा लहानपणी आपण सर्वांनी ऐकलेली आहे. एकचक्रेचे माहात्म्य सांगणारी गावे देशात आणखीही आहेत. त्या वादात मी पडत नाही. बहिणीच्या सासरी जाऊन सासरच्या गावाचा इतिहास तपासणे हे कोणत्याच भावाला शोभत नाही.

ह्या खेपेला अक्काच्या घरात पाऊल ठेवले तेव्हाच काही तरी बिनसले आहे हे कळले. भरताची वांगी भाजल्याचा वास होता, कळण्याच्या भाकरीचे पीठ मळलेले होते, दारात रांगोळी होती. पण अक्का बोलत नव्हती. दाजी ओट्यावर गुडघ्याला तेल चोळीत बसले होते. भाचेबुवा मात्र उत्साहात होते.

ओवाळून झाले. मी खिशात हात घातला तशी अक्का म्हणाली, "ते पाकीट ठेव. मला ओवाळणीत दुसरेच हवे आहे. तुझ्या भाच्याला समजाव."

प्रकरण असे होते. भाचा नागपूरच्या सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विमानाच्या सांगाड्याचा फिटर होण्याचे शिक्षण घेऊन, मिहानमधल्या कारखान्यात उमेदवारी करीत होता. तिथून आता त्याला कायम नोकरीचे पत्र आले होते. इकडे सात एकर शेत, एक विहीर, दाजींचे दुखरे गुडघे आणि एकुलता एक मुलगा. अक्काचे म्हणणे, त्याने गावी यावे, हमरस्त्यावर गॅरेज टाकावे, शेताकडे पाहावे. हात चांगला आहे, इथेही उपाशी मरणार नाही. तसे ते म्हणणे अजिबात वेडगळ नव्हते.

अक्का मुंबईच्या पाहुण्यापुढे पुस्तकी मराठी बोलते; पण रागावली किंवा गहिवरली की अहिराणीत शिरते. भाकरी थापता थापता ती शिरली. "मना पोऱ्या ईमान करस म्हने. करू दे. पन भाऊ, माले इतलंच सांग, त्यामा बसनार कोन?"

माझा मुलगा विमान करतो म्हणे. पण त्यात बसणार कोण? प्रश्न बिनतोड होता. कारण भाचा ज्या विमानाचे भाग जोडतो ते आपण तिकीट काढून बसतो त्यातले नव्हे. ते 'फाल्कन २०००' नावाचे, मोठमोठ्या उद्योगपतींचे खासगी जेट आहे. दहाबारा माणसे बसणार, आणि त्यांतल्या एकाचाही एरंडोलशी संबंध असण्याचे कारण नाही.

भाचा म्हणाला, "आई, आपल्या कापसाचा शर्ट कोण घालतं, ते आपण कधी विचारलंय का?"

अक्काने तव्यावरची भाकरी उलटली. "नाही विचारलं. म्हणून तर भाव पडला की आपणच रडतो."

मी दोघांकडे पाहिले आणि भरिताकडे वळलो. अशा वेळी घास मोठा घ्यावा म्हणजे उत्तर द्यावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन मी पद्मालयाला गेलो. एरंडोलहून सुमारे दहा किलोमीटरांवर, रानाने वेढलेल्या टेकडीवर गणपतीचे देऊळ आहे. एकाच गाभाऱ्यात दोन मूर्ती, एक उजव्या सोंडेची, एक डाव्या. देवळापुढे भलीमोठी घंटा. शेजारी कमळांचे तळे, त्यावरूनच नाव पद्मालय. जवळच्या रानात भीमकुंड आहे. भीमाने बकासुराला मारले ते तिथे, असे सांगतात. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मी भाच्याला म्हटले, "आता सांग, हे तुझे विमान आले कुठून?"

त्याला थोडे प्रशिक्षणात सांगितले होते. बाकीचे मी मुंबईला परतल्यावर वाचून काढले. दोन्ही मिळून गोष्ट अशी.

मार्सेल ब्लोक नावाचा एक फ्रेंच तरुण होता. जन्म १८९२ चा. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सुमारास, त्याने विमानासाठी नव्या घाटाचा लाकडी पंखा आखला. तो घडविला पॅरिसमधल्या सुतारांनी, खुर्च्याकपाटे करणाऱ्या कारखान्यात. 'एक्लेर', म्हणजे वीज, हे त्याचे नाव. त्या पंख्यावर फ्रान्सची लढाऊ विमाने उडाली. पुढे ब्लोक विमानेच बांधू लागला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याला पकडले. तो ज्यू होता आणि जर्मनांसाठी काम करायला तयार नव्हता. १९४४ साली त्याची रवानगी बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाली. तिथून तो जिवंत परतला. त्याच्या भावाने भूमिगत चळवळीत 'शार्दासो' असे टोपणनाव घेतले होते. फ्रेंचमध्ये रणगाड्याला जो शब्द आहे त्याचा तो अपभ्रंश. त्यावरून कुटुंबाने 'दासो' हे आडनाव धारण केले. आडनावे बदलण्याची हौस आपल्याकडेही आहे; पण तिला एवढी किंमत मोजावी लागल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हे दासो नाव आपल्याला अगदीच परके नाही. १९५३ साली आपल्या वायुदलात जी 'तूफानी' विमाने आली ती ह्याच कंपनीची. मागोमाग 'मिस्तेर' आली. १९६५ च्या युद्धात सरगोध्यावरील हल्ल्यात स्क्वाड्रन लीडर देवय्या ह्यांनी असल्याच एका मिस्तेर विमानातून आपल्याहून कितीतरी वेगवान शत्रुविमानाशी झुंज घेतली, ते पाडले आणि स्वतः परतले नाहीत. त्यांच्या पराक्रमाची हकीकत उघड व्हायला वर्षे गेली. मरणोत्तर महावीर चक्र मिळाले ते १९८८ साली.

लढाऊ विमाने करणाऱ्या ह्या माणसाला सावकारांची विमाने करण्याची बुद्धी कशी झाली? त्याला कारण होते. १९५० नंतरच्या दशकात उतारूंच्या मोठ्या विमानांना जेट इंजिने बसली. आपल्या एअर इंडियाकडेही १९६० साली बोइंग ७०७ आले. पण मोठे विमान मोठ्या शहराला जाते. कारखाना असतो आडगावी. तिथे जाणारे कारखानदार जुन्या पंख्याच्या विमानांतून घरघरत जात. त्यांना जेटचा वेग हवा होता आणि छोट्या धावपट्टीवर उतरण्याची सोयही. फ्रान्समध्येच १९५४ साली 'पॅरिस' नावाचे चौघांचे इवलेसे जेट उडाले होते. त्यात सरकत्या काचेखाली मोटारीसारखे बसावे लागे. इंग्लंडात डी हॅविलंड कंपनीचे '१२५' हे जेट १३ ऑगस्ट १९६२ रोजी हॅटफिल्डहून उडाले. जर्मनांनी १९६४ साली 'हान्सा' उडवले, त्याचे पंख मागे झुकण्याऐवजी पुढे झुकलेले. पहिलाच नमुना पुढच्या वर्षी कोसळला, तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. सारा युरोप कुबेराच्या पुष्पकाच्या शोधात होता म्हणा ना.

१९६१ च्या डिसेंबरात, म्हणजे आपल्याकडे गोव्याच्या मुक्तीची धामधूम चालू असताना, दासोने आपल्या माणसांना हुकूम दिला की आठदहा माणसांचे दोन इंजिनांचे जेट करा. पंखांची आखणी करताना लढाऊ विमानांचा अनुभव हाताशी होता. इंजिने पंखांखाली न टांगता शेपटीजवळ, दोन बाजूंना बसविली. नाव ठेवले 'मिस्तेर २०'. मिस्तेर म्हणजे गूढ.

४ मे १९६३ ह्या दिवशी बोर्दो शहराजवळच्या मेरिन्याक विमानतळावर ते उडायचे होते. योगायोग असा, की अमेरिकेच्या पॅन अमेरिकन कंपनीची माणसे युरोपभर अशा विमानांची पाहणी करीत फिरत होती आणि त्याच सुमारास ती तिथे पोचली. त्यांच्यात एक उंच, अबोल गृहस्थ होते. चार्ल्स लिंडबर्ग. १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडून पॅरिसला उतरलेला तो हाच. लिंडबर्गने विमानाभोवती फेऱ्या घातल्या, निरखून पाहिले आणि आपल्या अध्यक्षाला तार ठोकली, की आपल्याला हवा होता तो पक्षी सापडला. त्याच दिवशी रने बिगां ह्या वैमानिकाने तो पक्षी प्रथम हवेत नेला.

"म्हणजे मुलगी पाहायला गेले आणि सुपारी फोडूनच आले," मी म्हणालो.

"पण मामा, पाहुण्यांनी अटी घातल्या," भाचा म्हणाला. त्या अशा की इंजिने बदला, विमान थोडे मोठे करा. दासोच्या माणसांनी ती दगदग केली. १९६४ च्या जुलैत जनरल इलेक्ट्रिकची नवी इंजिने लावून ते पुन्हा उडाले. पॅन अमेरिकनने ४० विमानांची मागणी केली होती, शिवाय आणखी १२० घेण्याचा हक्क राखून ठेवला होता. अमेरिकन जिभेला 'मिस्तेर' झेपेना, म्हणून तिकडे त्याचे नाव 'फाल्कन' पडले. फाल्कन म्हणजे ससाणा. जून १९६५ मध्ये जॅक्लिन ओरिओल ह्या बाईंनी ह्याच विमानातून १००० किलोमीटरांच्या फेरीत ताशी ८५९ किलोमीटरांचा स्त्रियांचा विक्रम केला. ह्या बाई फ्रान्सच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांच्या सूनबाई. सुनांनी काय काय करावे ह्याबद्दलचे माझे विचार त्या दिवसापासून बरेच सुधारले आहेत.

इथवरची गोष्ट अक्काच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, हे मला कळत होते. श्रीमंतांसाठी विमान केले, श्रीमंतांनी ते घेतले. त्यात आपले काय? पण पुढची हकीकत मला अधिक आवडली.

ह्या ससाण्याने नंतर निराळीच कामे केली. फेडरल एक्स्प्रेस नावाची एक नवखी कंपनी अमेरिकेत निघाली होती. तिने ह्या विमानांतल्या गुबगुबीत खुर्च्या काढून टाकल्या, बाजूला रुंद दार कापले आणि आत पार्सले भरली. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री १४ फाल्कन विमाने २५ शहरांकडे निघाली. त्यांत मिळून पार्सले होती १८६. एका विमानाच्या वाट्याला पुरती चौदाही नाहीत! आपला पोस्टमन सायकलवरून याहून जास्त नेतो. पण त्या रात्रीतून पुढे केवढा व्याप उभा राहिला हे आपण आज दारात येणाऱ्या खोक्यांवरून जाणतो. त्यांतले पहिले विमान आता वॉशिंग्टनजवळच्या विमानसंग्रहालयात जपून ठेवले आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलानेही ४१ विमाने घेतली आणि ती समुद्रावर बुडत्या नावा शोधू लागली. ज्या पॅन अमेरिकनच्या मागणीवर हे विमान उभे राहिले ती कंपनी १९९१ साली बुडाली. विमाने उडत राहिली. ह्या जातीची पाचशेहून अधिक बांधली गेली.

त्याच वंशातले 'फाल्कन २०००' हे १९९३ साली उडाले. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी नागपूरच्या मिहानमध्ये दासो आणि रिलायन्स ह्यांच्या भागीदारीतल्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि दोनएक वर्षांत तिथून ह्या विमानाच्या पुढच्या भागाची जुळणी होऊ लागली. २०२५ च्या जूनमध्ये पॅरिसच्या विमानप्रदर्शनात जाहीर झाले की आता आख्खे फाल्कन २००० नागपूरला बांधायचे. फ्रान्सच्या बाहेर असे प्रथमच होणार. पहिले विमान २०२८ पर्यंत उडावे असा बेत आहे.

"आणि तू त्यात काय करतोस?"

"रिवेट मारतो," तो म्हणाला. आणि मग बराच वेळ सांगत राहिला. दोन पत्रे एकमेकांवर ठेवायचे, भोक पाडायचे, भोकाच्या कडा साफ करायच्या, कारण तिथे राहिलेला एवढासा ओरखडा पुढे तडा होतो. मग रिवेट घालून एकाने बाहेरून हातोडा चालवायचा आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. आतला बाहेरच्याला दिसत नाही. हातोड्याच्या कंपावरून एकमेकांचे ओळखायचे. एकाने घाई केली तर रिवेट वाकडा बसतो, काढून पुन्हा करावा लागतो. "आजीच्या जात्यासारखं आहे मामा. दोघींचा हात एक झाला तरच पीठ बारीक."

बोलताना त्याची बोटे हलत होती. चोवीस वर्षांचा मुलगा, परीक्षेत कधी फार चमकला नाही; पण त्या पायऱ्यांवर तो आपल्या विषयावर असा बोलत होता, की माझ्या एम. ए. च्या वर्गात असे बोलणारा मला गेल्या दहा वर्षांत भेटलेला नाही.

परतताना आम्ही गावाच्या जुन्या वस्तीतून गेलो. एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरातही इथल्या जाडसर देशी कागदाचा उल्लेख आहे आणि तो धंदा उतरणीला लागल्याचाही. चिंध्या, गोणपाट चुन्यात कुजवायचे, कुटायचे, त्याचा लगदा हौदात कालवायचा, साच्यावर पातळ थर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, अशी हातकागदाची रीत. असल्या कागदावर सावकारांच्या वह्या लिहिल्या जात. म्हणजे कागदी राबत आणि त्यांच्या कागदावर कर्ज मात्र लिहिले जाई शेजाऱ्याचे. मग गिरण्यांचा स्वस्त कागद आला आणि हौद कोरडे पडले.

त्या बोळात मी मनाशी म्हटले, अक्काच्या प्रश्नाला इथे गाठ पडते. कागदावर कोण लिहिणार हे कागद्याच्या हाती नव्हते. ती त्याची खंत नसावीही. पण एकच जिन्नस, एकाच गिऱ्हाइकासाठी, एकाच पद्धतीने करीत राहिला आणि गिऱ्हाईक उठून गेले, तेव्हा त्याच्याजवळ दुसरे काही उरले नाही. मिस्तेर २० चे गिऱ्हाईकही उठून गेले; पण विमान असे बेताचे, मजबूत बांधले होते, की खुर्च्या काढल्या तर पार्सले नेता आली, पार्सले काढली तर बुडती माणसे शोधता आली. पुष्पकाचेही तसेच नाही का? ते घडविले विश्वकर्म्याने, मिळाले कुबेराला, पळविले रावणाने. आणि अखेर लंकेहून अयोध्येला रामाला घेऊन आले. बसणारा बदलत गेला, घडण तीच राहिली. विश्वकर्म्याच्या हाताखाली कोण कोण होते हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर बसलो. मी अक्काला म्हणालो, "त्यात कोण बसणार ते मला ठाऊक नाही, आणि त्यालाही नाही. पण त्याला जाऊ दे."

मग भाच्याकडे वळलो. "आणि तू एक कर. जन्मभर एकच भोक पाडीत राहू नकोस. आज पत्रा जोडतोस, उद्या तारा जोडायला शीक, परवा नकाशा वाचायला शीक. एका कारखान्याचा माणूस होऊ नकोस, कामाचा माणूस हो. त्या विमानासारखा."

अक्का काही बोलली नाही. दाजींनी इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडले. "शेत मी अजून पाच वर्षे पाहीन. नाही जमले तर बटाईने देऊ. पुढचे पुढे."

"आणि तुम्ही पडलात म्हणजे?" अक्काने विचारले. त्याला उत्तर कोणाजवळही नव्हते. मी तर मान वरही केली नाही. आम्हां भावंडांचे धरणगावचे वडिलोपार्जित घर ज्या वर्षी विकले त्या वर्षी मी मुंबईला पेपर तपासत होतो. वडील शेवटचे दोन महिने अक्काकडे होते. उपदेश करण्याचा अधिकार मला पदवीने दिला असेल. ह्या ओट्यावर तो मला कितपत होता, ह्याची शंका मला अजूनही आहे. बकासुराकडे भीमाला धाडणाऱ्या कुंतीला निदान आणखी चार मुलगे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मामाभाचे एकाच एस. टी. ने जळगावला निघालो. तिथून तो नागपूरच्या गाडीत बसणार, मी मुंबईच्या. अक्का स्टँडवर आली. तिच्या हातात दोन डबे होते. एक भाच्याचा, दुसरा देताना ती म्हणाली, "हाऊ त्या फिरंगी मास्तरले दे. चांगलं शिकाडस म्हने."

त्याला शिकविणाऱ्या फ्रेंच गृहस्थासाठी एरंडोलहून चकल्या निघाल्या होत्या. अक्काचे मन वळले होते असे मी म्हणणार नाही. गाडी हलली तेव्हा ती पदराने डोळे पुसत होती. पण डबा तिने घट्ट दोरीने बांधून दिला होता, वाटेत एकही चकली मोडू नये म्हणून. काम नीट करण्याची सवय भाच्याला कुठून आली, हे मला त्या गाठीवरून कळले.

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. गच्चीवर कुरडया घालताना डोक्यावरून एक विमान गेले होते. तिने लगेच नागपूरला फोन लावून विचारले, हे कुठले? मुलगा म्हणाला, आई, ते मोठे, उतारूंचे असेल. आमचे व्हायला अजून अवकाश आहे.

"मंग ते आपलं नही," अक्का मला सांगत होती. "आपलं दोन हजार अठ्ठावीसले."

मी फोन ठेवला आणि कपाटातला तो वाया गेलेला रिवेट काढून पाहिला. भाच्याने जळगावच्या फलाटावर तो माझ्या हाती दिला होता, ओवाळणीच्या पाकिटाच्या बदल्यात. सध्या तो माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवतो. वजनाला तो फार हलका आहे. कागद तरी उडतातच.